'वारस' आणि 'उत्तराधिकारी' : दोन इंग्रजी शब्दांतील अर्थभेद आणि खालसा झालेली मराठी राज्ये (१८४८-१८६२)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीने हिंदी संस्थानिकांशी जे तह केले, त्यांपैकी बहुतेकांत एक ठरावीक शब्दप्रयोग आढळतो. तहाचा लाभ अमुक राजाला व त्याच्या 'एअर्स अँड सक्सेसर्स'ना मिळेल, असा तो शब्दप्रयोग होय. मराठीत त्याचे भाषांतर बहुधा 'वारस व उत्तराधिकारी' असे केले जाते आणि वाचणारा तो एक साचेबंद जोडशब्द समजून पुढे जातो. तथापि १८४८ ते १८५४ या सहा-सात वर्षांत सातारा, झाशी व नागपूर या तीन मराठी राज्यांचे भवितव्य ज्या प्रश्नांवर ठरले, त्यांत या जोडशब्दाच्या अर्थाचा प्रश्न महत्त्वाचा होता. हे दोन शब्द समानार्थी आहेत की भिन्नार्थी? भिन्नार्थी असतील, तर दत्तक पुत्र त्यांपैकी कोणत्या शब्दात बसतो? आणि तहातील शब्दाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

डलहौसीच्या राज्यविस्ताराच्या धोरणाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. ती बहुधा राजकीय व नैतिक अंगाने होते. प्रस्तुत लेखात त्याच धोरणाचा विचार शब्दार्थाच्या अंगाने केला आहे. 'एअर' व 'सक्सेसर' या शब्दांचा इंग्रजी कायद्यातील मूळ अर्थ, हिंदू दत्तविधानाशी त्यांचा आलेला संबंध, सातारा व झाशी प्रकरणांत त्यांवर झालेला वाद आणि १८६२ च्या दत्तक सनदांत त्या वादाचा लागलेला निकाल, या क्रमाने हे विवेचन आहे.

१. दोन शब्दांची इंग्रजी पूर्वपीठिका

'एअर' हा शब्द लॅटिन 'हेरेस'पासून जुन्या फ्रेंच भाषेमार्गे इंग्रजीत आला. इंग्लंडच्या रूढ कायद्यात त्याला अत्यंत मर्यादित अर्थ आहे. मनुष्य मेल्यानंतर रक्तसंबंधाने ज्याच्याकडे त्याची जमीन जाते तो 'एअर'. जिवंत माणसाला 'एअर' नसतो, कारण तो कोण हे मृत्यूच्या क्षणीच ठरते, असे त्या कायद्याचे एक जुने सूत्र आहे. दुसरे सूत्र त्याहून बोलके आहे : वारस परमेश्वर निर्माण करतो, मनुष्य नव्हे. मृत्युपत्राने एखाद्याला जमीन देता येते. परंतु ती घेणारा 'एअर' ठरत नाही, त्याला निराळी संज्ञा आहे. अशा व्यवस्थेत दत्तकाला जागाच नव्हती. इंग्लंडमध्ये कायदेशीर दत्तकाची सोय प्रथम १९२६ च्या कायद्याने झाली. तेथील उमरावपदे तर आजही दत्तक अपत्याकडे जात नाहीत. सारांश, डलहौसीच्या पिढीतील इंग्रज अधिकाऱ्याच्या मनात 'एअर' या शब्दाबरोबर रक्ताचे नाते अपरिहार्यपणे उभे राहत असे.

'सक्सेसर' हा शब्द 'मागून येणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून झालेला आहे. त्यात रक्ताचा उल्लेख नाही, जागेचा आहे. एकाने सोडलेल्या स्थानावर जो दुसरा येतो तो 'सक्सेसर'. जमिनीच्या दस्तऐवजांत हे दोन शब्द पूर्वीपासून काटेकोरपणे निराळे ठेवले जात. एखाद्या व्यक्तीला कायमची जमीन द्यावयाची तर 'त्याला व त्याच्या एअर्सना' असे लिहावे लागे. बिशपसारख्या पदाधिकाऱ्याला द्यावयाची तर 'त्याला व त्याच्या सक्सेसर्सना' असे लिहीत. सर एडवर्ड कोक या विधिज्ञाने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रख्यात भाष्यात हा भेद सविस्तर सांगितला आहे. व्यक्तीला वंश असतो, पदाला परंपरा असते, हे त्यामागील तत्त्व. राजा हा व्यक्तीही असतो आणि पदाधिकारीही असतो. म्हणून राजासंबंधीच्या लेखात दोन्ही शब्द एकत्र येत.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हता. १६८८ साली इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्स राजाला मुलगा झाला. जन्माने तोच वारस होता. परंतु पुढच्याच वर्षी पार्लमेंटने विल्यम व मेरी यांना सिंहासनावर बसविले आणि जन्मसिद्ध वारस परदेशात वाढला. १७०१ च्या उत्तराधिकार कायद्याने हॅनोव्हरची सोफिया व तिची प्रॉटेस्टंट संतती यांच्याकडे गादी जावी असे ठरले. त्यानुसार १७१४ साली पहिला जॉर्ज राजा झाला, तेव्हा रक्ताने त्याच्याहून जवळचे पन्नासहून अधिक कॅथलिक नातेवाईक बाजूला सारले गेले होते. म्हणजे ज्या राजघराण्याच्या नावाने डलहौसी कारभार करीत होता, ते घराणेच निकटतम 'एअर' म्हणून नव्हे, तर कायद्याने ठरविलेले 'सक्सेसर' म्हणून सत्तेवर आलेले होते.

आणखी एक बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. १७०१ च्या कायद्यात सोफियाच्या पोटच्या वंशापुरतीच गादी मर्यादित करावयाची होती. तेव्हा तेथे 'एअर्स ऑफ द बॉडी', म्हणजे देहापासून झालेले वारस, अशी संज्ञा वापरली गेली. आपल्याकडील 'औरस' या शब्दाच्या ती फार जवळची आहे. याचा अर्थ असा की, उत्तराधिकार केवळ पोटच्या संततीपुरता मर्यादित ठेवावयाचा असेल, तर त्यासाठी इंग्रजीत नेमका शब्द उपलब्ध होता व तो मसुदा करणाऱ्यांना माहीत होता.

२. हिंदू दत्तविधान आणि मराठी व्यवहार

हिंदू धर्मशास्त्रात पुत्राचे बारा प्रकार सांगितले आहेत. कलियुगात त्यांपैकी औरस व दत्तक हे दोनच मान्य, असा पुढील निबंधकारांचा निर्णय आहे. विधिपूर्वक दिलेला व घेतलेला मुलगा जनककुळातून निघून दत्तक कुळात जातो. त्याचे गोत्र बदलते, त्याला पिंडदानाचा अधिकार येतो व त्याबरोबर धनाचाही अधिकार येतो. थोडक्यात, इंग्रजी कायद्यात जे मनुष्याला करता येत नाही ते हिंदू कायद्यात विधीने करता येते. नंदपंडिताच्या 'दत्तकमीमांसा' या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८२१ साली, तर पश्चिम हिंदुस्थानात प्रमाण मानल्या जाणाऱ्या नीलकंठभट्टाच्या 'व्यवहारमयूखा'चे भाषांतर १८२७ साली प्रसिद्ध झाले होते. मयूखाच्या परंपरेत तर विधवेला पतीच्या स्पष्ट आज्ञेवाचूनही दत्तक घेता येतो. कंपनीची न्यायालये खाजगी मिळकतीच्या दाव्यांत हीच तत्त्वे लावीत असत. तेव्हा दत्तक म्हणजे काय हे इंग्रजांना ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही.

मराठी राज्यांत गादीला दत्तक घेणे ही नित्याची गोष्ट होती. छत्रपती शाहूंनंतर साताऱ्याच्या गादीवर आलेले रामराजे हे दत्तक होते. रामराजांनी १७७७ साली वावीकर भोसले घराण्यातील मुलगा दत्तक घेतला. तोच दुसरा शाहू. १८१८ साली इंग्रजांनी ज्यांना गादीवर बसविले ते प्रतापसिंह हे या दुसऱ्या शाहूंचे पुत्र. म्हणजे कंपनीने ज्या राजाशी तह केला, त्याचा गादीवरील हक्कच मुळी दत्तविधानातून आलेला होता.

मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मराठेशाहीत दत्तकाला सरकारची मंजुरी घेण्याची व त्यासाठी नजर भरण्याची चाल होती. सरंजाम हा चाकरीसाठी दिलेला व सरकारच्या मर्जीने काढून घेता येण्याजोगा असे. वतन हे वंशपरंपरेचे असे. सरंजामदाराने घेतलेला दत्तक सरकारने मान्य केलाच पाहिजे, असे बंधन नव्हते. त्यामुळे वरिष्ठ सत्तेच्या संमतीचा प्रश्न डलहौसीने केवळ कल्पनेने निर्माण केला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. प्रश्न असा होता की, सातारा हे राज्य वतनासारखे मानावयाचे की सरंजामासारखे. आणि याचे उत्तर तहाच्या शब्दांतच शोधणे प्राप्त होते.

३. सातारा : शब्दाचा 'सामान्य' अर्थ

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनीने साताऱ्याचा मुलूख प्रतापसिंह महाराजांना व त्यांच्या 'एअर्स अँड सक्सेसर्स'ना कायमच्या सार्वभौमत्वाने दिला. दुसऱ्या कलमाने महाराजांनी ब्रिटिश सरकारच्या दुय्यम सहकार्यात राहावे व त्याच्या प्रतिनिधीच्या सल्ल्याने वागावे असे ठरले. पहिल्या कलमातील 'सार्वभौमत्व' आणि दुसऱ्या कलमातील 'दुय्यम' या शब्दांतील विसंगती प्रारंभापासूनच होती. १८३९ साली प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले व त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादी देण्यात आली. आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. त्यांना पुत्र नव्हता. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तक मान्य करावा असे मत दिले. कायमचे सार्वभौमत्व व 'एअर्स अँड सक्सेसर्स' हे शब्द तहात असताना हिंदू राजाने आपल्या कायद्याप्रमाणे घेतलेला दत्तक नाकारता येणार नाही, हा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. क्लार्क लवकरच पदावरून गेले. त्यांच्या जागी आलेले लॉर्ड फॉकलंड व कौन्सिलचे सभासद विलोबी यांचे मत राज्य खालसा करण्याकडे झुकले. ३० ऑगस्ट १८४८ च्या टिपणात गव्हर्नर जनरल डलहौसीने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि जानेवारी १८४९ मध्ये संचालक मंडळाने निर्णयाला मान्यता दिली.

डलहौसीचा शब्दार्थविषयक युक्तिवाद या टिपणात स्पष्टपणे आलेला आहे. 'एअर्स अँड सक्सेसर्स' हे शब्द त्यांच्या सामान्य अर्थाने, म्हणजे राज्याराज्यांतील इतर तहांत ते ज्या अर्थाने येतात त्याच अर्थाने, घेतले पाहिजेत. अधिक व्यापक अर्थाला काही विशेष पुरावा नसेल तर त्यांतून नैसर्गिक वारसांखेरीज कोणाचाही हक्क सिद्ध होत नाही. आणि सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून राज्याला दत्तक घेण्याचा अधिकार तर मुळीच मिळत नाही, असे त्याने प्रतिपादन केले. दत्तकाने आप्पासाहेबांची खाजगी मिळकत मुलाकडे जाईल, राज्य जाणार नाही, असा भेदही त्याने केला.

हा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो. त्याची छाननी केली असता तीन गोष्टी आढळतात. पहिली अशी की, 'सामान्य अर्थ' म्हणजे कोणाचा सामान्य अर्थ, हे यात गृहीत धरले आहे. तह दोन पक्षांत होतो. एका पक्षाच्या कायद्यात 'वारस' या शब्दात दत्तक सामान्यपणे येतो, दुसऱ्याच्या कायद्यात येत नाही. अशा वेळी एकाच पक्षाचा अर्थ सामान्य ठरविणे हा अर्थनिर्णय नसून सत्तानिर्णय आहे. दुसरी गोष्ट, इंग्रजी कायद्यातच असे एक तत्त्व आहे की, दस्तऐवजातील शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध लावावा. येथे मसुदा कंपनीचा होता. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. डलहौसीने 'एअर्स'चा अर्थ नैसर्गिक वारस असा केला. पण 'सक्सेसर्स' या शब्दाला त्याने स्वतंत्र अर्थ दिलाच नाही. दुसरा शब्द पहिल्याची केवळ पुनरुक्ती ठरला. ज्या भाषेत हे दोन शब्द दोन शतके कसोशीने निराळे ठेवले गेले होते, त्या भाषेचे जाणकार ते एक करीत होते.

अर्थात त्याच टिपणात हाती आलेली राज्यप्राप्तीची न्याय्य संधी सोडू नये, असे धोरणही डलहौसीने मांडले आहे. शब्दाचा अर्थ धोरणाने ठरला, अर्थावरून धोरण ठरले नाही, असा निष्कर्ष त्यावरून निघतो. संचालक मंडळाने १८३४ सालीच दत्तकाची संमती हा नियम नसून अपवाद असावा असे कळविले होते, आणि १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान दत्तक नाकारून घेतले गेले होते. साताऱ्याच्या प्रकरणाने या धोरणाला भाषिक आधार पुरविला.

४. झाशी : 'वारिसान' आणि 'जानशीनान'

डलहौसीने जो प्रश्न टाळला, तो झाशीच्या प्रकरणात थेट उभा राहिला. १८१७ च्या तहाने कंपनीने झाशीचे रामचंद्रराव नेवाळकर यांना व त्यांच्या 'एअर्स अँड सक्सेसर्स'ना वंशपरंपरेचे राज्यकर्ते म्हणून मान्य केले होते. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निपुत्रिक वारले. आदल्या दिवशी त्यांनी नेवाळकर कुळातीलच आनंदराव या बालकाला इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष दत्तक घेतले होते. त्याचे नाव दामोदर ठेवण्यात आले.

राणी लक्ष्मीबाईंच्या वतीने गव्हर्नर जनरलला खलिते गेले. त्यांपैकी फेब्रुवारी १८५४ च्या खलित्यातील युक्तिवाद शब्दार्थाच्या इतिहासात विशेष लक्षणीय आहे. तहाच्या दुसऱ्या कलमात फारसीत 'वारिसान' व 'जानशीनान' असे दोन शब्द आहेत. खलित्यात म्हटले आहे की, 'वारिसान' म्हणजे नैसर्गिक किंवा भाऊबंदकीतील वारस. 'जानशीनान' म्हणजे तसा वारस नसेल तेव्हा दत्तक घेतलेला, गादीवर येणारा पुरुष. तहासारखे महत्त्वाचे लेख पूर्ण विचाराअंती तयार केले जातात. तेव्हा एका शब्दाशेजारी त्याहून भिन्न असा दुसरा शब्द नेमका अर्थ ध्यानी न घेता घातला गेला असेल, असे मानता येणार नाही. ओरछा व दतिया येथील पूर्वोदाहरणेही त्यात दिली आहेत.

'वारिस' हा अरबी शब्द असून त्याचे मूळ वारशाने मिळण्यात आहे. मराठीतील 'वारस' हे त्याचेच रूप. 'जानशीन' हा फारसी समास आहे : 'जा' म्हणजे जागा व 'नशीन' म्हणजे बसणारा. जागेवर बसणारा तो जानशीन. 'एअर' आणि 'सक्सेसर' यांतील भेदाशी हा भेद तंतोतंत जुळतो : एकात रक्त, दुसऱ्यात स्थान. म्हणजे झाशीच्या खलित्याने इंग्रजी शब्दांवर परका अर्थ लादला नव्हता. इंग्रजी कायद्याने जो भेद शतकानुशतके पाळला होता, त्याचीच आठवण त्याने फारसीतून करून दिली होती.

डलहौसीने २७ फेब्रुवारी १८५४ च्या टिपणात झाशीचा दावा फेटाळला. झाशीकर हे मुळात पेशव्यांचे सुभेदार होते, स्वतंत्र राजे नव्हते. पेशव्यांचे हक्क कंपनीकडे आले, म्हणून झाशी हे कंपनीच्या देणगीवर उभे असलेले आश्रित संस्थान होय, ही त्याची मुख्य भूमिका. आधारादाखल त्याने सर चार्ल्स मेटकाफ यांच्या १८३७ मधील टिपणाचा उपयोग केला. मेटकाफ यांनी सार्वभौम हिंदू राजे व देणगीने जमीन धारण करणारे सरदार असा भेद केला होता. पहिल्यांना दत्तकाचा अधिकार आहे. दुसऱ्यांच्या बाबतीत देणारी सत्ता देणगीच्या लेखातील मर्यादेप्रमाणे वारसा मर्यादित करू शकते, आणि ती मर्यादा बहुधा देहापासून झालेल्या पुरुष वारसांची असते, असे त्यांचे म्हणणे होते.

मेटकाफ यांची कसोटी मान्य केली तरी ती लावावयाची लेखातील शब्दांना. झाशीच्या लेखात 'एअर्स ऑफ द बॉडी' हे शब्द नव्हते. 'एअर्स अँड सक्सेसर्स' होते. देणगी मर्यादित करण्याचा अधिकार कंपनीला असेलही. पण १८१७ साली तिने तो वापरला नव्हता. छत्तीस-सदतीस वर्षांनंतर ती मर्यादा अर्थाच्या मार्गाने लेखात घातली गेली.

५. 'आश्रित' आणि 'संरक्षित मित्र'

नागपूरच्या बाबतीत दत्तकाची वेळच वेगळी होती. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निधन पावले. त्यांनी हयातीत दत्तक घेतला नव्हता. पश्चात राणीवशाने यशवंतराव अहिरराव या आप्ताला दत्तक घेण्याचा प्रयत्न केला. रेसिडेंट मॅन्सेल यांचा कल राज्य राखण्याकडे होता. तथापि जानेवारी १८५४ च्या टिपणाने डलहौसीने राज्य खालसा केले. नागपूरशी झालेल्या १८२६ च्या तहातही वारस व उत्तराधिकारी यांचा उल्लेख होता, आणि रघूजी स्वतः कन्येच्या वंशातून दत्तविधीने भोसले कुळात येऊन १८१८ मध्ये इंग्रजांच्या संमतीने गादीवर बसले होते.

याच सुमारास राजपुतान्यातील करौली संस्थानात १८५२ साली राजा निपुत्रिक वारला. डलहौसीचा विचार येथेही राज्य घेण्याचा होता. परंतु संचालक मंडळाने १८५३ च्या प्रारंभी तो नाकारला. सातारा ही आपलीच निर्मिती व देणगी होती. करौली हे जुने राजपूत राज्य असून आपल्याशी त्याचे नाते 'आश्रित' संस्थानाचे नाही, तर 'संरक्षित मित्रा'चे आहे, असा भेद मंडळाने केला. संस्थान वाचले. ज्याचे रक्षण केले जाते तो प्रत्यक्षात आश्रितच असतो, असे कोणी म्हणेल. पण लेखी व्यवहारात एका विशेषणाच्या निवडीवर एक राज्य राहिले आणि दुसरे गेले. कानपूरजवळील ब्रह्मावर्तास राहणाऱ्या नानासाहेबांचा वादही अशाच शब्दाचा होता. १८१८ मध्ये मालकमने दुसऱ्या बाजीरावाला दिलेल्या अटींत तनखा 'त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या' निर्वाहासाठी होता. १८५१ मध्ये बाजीराव वारल्यावर तो व्यक्तिगत ठरवून बंद करण्यात आला. खाजगी संपत्ती मात्र दत्तक पुत्राकडे राहू दिली गेली.

६. 'लॅप्स' आणि 'खालसा'

या सर्व प्रकरणांना इंग्रजीत जे नाव मिळाले तेही तपासण्यासारखे आहे. एखाद्याचे राज्य घेण्यासाठी इंग्रजीत 'कॉन्क्वेस्ट' व 'अ‍ॅनेक्सेशन' हे शब्द होते. धारक निर्वंश झाल्यावर जमीन वरिष्ठाकडे परत जाण्याला सरंजामी कायद्यात 'एस्चीट' अशी संज्ञा होती. रूढ झाला तो 'लॅप्स' हा शब्द. त्याचा धात्वर्थ घसरणे, निसटणे. इंग्लंडच्या धर्मसंस्थेच्या कायद्यात, चर्चच्या रिकाम्या जागी धर्मोपदेशक नेमण्याचा हक्क धारकाने मुदतीत वापरला नाही, तर तो बिशपकडे जाई. त्याला 'लॅप्स' म्हणत. या शब्दाला कर्ता लागत नाही. 'अ‍ॅनेक्सेशन' म्हटले की कोणी केले हा प्रश्न येतो. 'लॅप्स' म्हटले की हक्क आपोआप गळून पडला असे वाटते. १८५६ मध्ये अयोध्येचे राज्य घेताना, राजा जिवंत असल्यामुळे, हा शब्द वापरता आला नाही; तेथे गैरकारभाराचे कारण पुढे करावे लागले.

मराठी भाषेने या व्यवहाराला दिलेले नाव याच्या उलट आहे. 'खालसा' म्हणजे मधल्या कोणाचा हक्क नसलेला, थेट सरकारचा मुलूख. मराठी माणूस राज्य 'निसटले' असे म्हणत नाही; इंग्रजांनी राज्य 'खालसा केले' असे म्हणतो. क्रियापद सकर्मक आहे आणि कर्ता स्पष्ट आहे. पाठ्यपुस्तकांतील 'व्यपगत सिद्धान्त' ही संज्ञा नंतर घडविलेली असून तिने इंग्रजी शब्दाचा कर्ताहीन ढंग मराठीत आणला. जुन्या मराठी शब्दात घटनेची जी जाण आहे ती या नव्या संज्ञेत उरलेली नाही.

७. १८६२ च्या सनदांतील शब्दयोजना

१८५७ च्या उठावानंतर धोरण बदलले. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात संस्थानिकांशी झालेले तह पाळण्याचे व राज्यविस्तार न करण्याचे आश्वासन देण्यात आले. लॉर्ड कॅनिंगच्या १८६० मधील शिफारशीनुसार १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तक सनदा दिल्या गेल्या. हिंदू संस्थानिकांच्या सनदेत असे अभिवचन आहे की, 'नॅचरल एअर्स'चा अभाव झाल्यास हिंदू कायदा व कुळाचार यांस अनुसरून राजाने दत्तक घेतलेला 'सक्सेसर' मान्य व कायम केला जाईल.

शब्दांची ही वाटणी अर्थपूर्ण आहे. 'एअर्स'ला 'नॅचरल' हे विशेषण जोडावे लागले. म्हणजे ते नसताना तो शब्द व्यापक असू शकतो, हे मान्य झाले. आणि दत्तकासाठी वापरलेला शब्द 'सक्सेसर' हा आहे. 'वारिसान' म्हणजे नैसर्गिक वारस आणि 'जानशीनान' म्हणजे त्यांच्या अभावी घेतलेला दत्तक, असा जो अर्थ झाशीच्या खलित्याने सांगितला होता, तोच आठ वर्षांनी खुद्द इंग्रजी सनदेत अवतरला. तोपर्यंत झाशीची राणी रणांगणावर पडली होती. साताऱ्याची बाजू लंडनमध्ये अनेक वर्षे मांडणारे रंगो बापूजी गुप्ते हेही १८५७ च्या धामधुमीत नाहीसे झाले होते. सातारा, झाशी व नागपूर ही राज्ये परत मिळाली नाहीत.

सनदेने दिले ते 'अभिवचन' होते, 'हक्क' नव्हे, आणि ते राजनिष्ठेच्या अटीवर होते, हेही नमूद केले पाहिजे. तरीही पुढील इतिहास या शब्दयोजनेने बदलला. १८७५ मध्ये बडोद्यास कवळाण्याहून आणलेले सयाजीराव आणि १८८४ मध्ये कोल्हापुरास कागलकर घाटगे घराण्यातून दत्तक आलेले शाहू महाराज हे दोघेही दत्तक होते. १८५४ चा अर्थ कायम राहिला असता, तर महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील या दोन कारकिर्दी घडल्या नसत्या.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, 'एअर' व 'सक्सेसर' हे शब्द इंग्रजी कायद्यात भिन्नार्थी होते. पहिल्याचा आधार रक्त, दुसऱ्याचा स्थान. दोन, वारसा पोटच्या संततीपुरता मर्यादित करण्यासाठी इंग्रजीत नेमकी संज्ञा असूनही सातारा व झाशीच्या तहांत ती वापरली गेली नव्हती. तीन, डलहौसीने दुसऱ्या शब्दाला स्वतंत्र अर्थ नाकारून जोडशब्द एकेरी केला. झाशीच्या खलित्याने तो भेद अचूक दाखविला होता. चार, १८६२ च्या सनदांनी तोच भेद मान्य केला.

संमतीचा प्रश्न मराठेशाहीतही होता, म्हणून केवळ शब्दार्थाने सातारा वा झाशी वाचली असती असे ठामपणे म्हणता येणार नाही. मात्र शब्द संदिग्ध होते हे समर्थन टिकत नाही. ते संदिग्ध नव्हते. संदिग्ध करण्यात आले होते. भारतीय संविधानाच्या मूळ ३६६ व्या अनुच्छेदात माजी संस्थानिकाची व्याख्या करताना राष्ट्रपतींनी मान्य केलेला 'सक्सेसर' हाच शब्द योजला होता, 'एअर' नव्हे. १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांची मान्यताच संपुष्टात आली. तहाचा अभ्यास करताना साचेबंद वाटणारा प्रत्येक जोडशब्द सुटा करून वाचण्याची गरज या इतिहासातून अधोरेखित होते.